जहाजे फोडणारा किनारा आणि जहाज नसलेले चित्र

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात विन्स्लो होमर या अमेरिकी चित्रकाराचे ‘नॉर्थईस्टर’ नावाचे तैलचित्र आहे. सुमारे ८८ सेंटिमीटर उंच आणि १२७ सेंटिमीटर रुंद अशा या कॅनव्हासवर डावीकडे खालून तिरका चढत गेलेला काळपट कातळ दिसतो, त्यावर चालून येणारी हिरवट लाट दिसते, कातळावर फुटून उंच उडालेला पाण्याचा पांढरा लोट दिसतो आणि या सगळ्यावर करड्या आकाशाचा पट्टा दिसतो. चित्रात माणूस नाही, पक्षी नाही, शीड नाही, फुटक्या जहाजाची एखादी फळीही नाही. तरीही ज्या किनाऱ्याने अनेक जहाजे फोडली, त्या किनाऱ्याची आठवण देणाऱ्या चित्रांमध्ये या चित्राचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. जहाज न दाखवता जहाजफुटीचे भय चित्रात कसे येते, हे समजून घ्यायचे असेल तर आधी तो किनारा, मग त्यावरची लाट आणि त्यानंतर चित्रकाराने केलेली निवड, अशा क्रमाने जावे लागते. चित्रकलेवरील लेखनात पहिल्या दोन गोष्टी बहुधा एका वाक्यात उरकल्या जातात. मला ते योग्य वाटत नाही, कारण होमरने रंगवलेल्या गोष्टींपैकी बहुतेक गोष्टी याच दोहोंत आहेत.

चित्रातली जागा अमेरिकेच्या ईशान्य टोकाला असलेल्या मेन राज्यातील आहे. पोर्टलंड शहराच्या दक्षिणेला स्कारबरो नावाचे गाव आहे आणि त्याच्या हद्दीत प्राउट्स नेक हे समुद्रात घुसलेले छोटे भूशिर आहे. मेनचा किनारा नकाशावर सरळ रेषेने मोजला तर सुमारे ३६७ किलोमीटर भरतो, पण प्रत्येक खाडी, बेट आणि सुळका यांची कड धरून मोजला तर तीच लांबी ५,६०० किलोमीटरच्या आसपास जाते. या दोन आकड्यांमधील तफावत हीच खलाशांची अडचण होती. हिमयुगात या प्रदेशावर बर्फाचे प्रचंड जाड थर होते. त्यांनी जमीन खरवडली, मऊ भाग खोल कोरले आणि कठीण कातळ मागे ठेवला. बर्फ वितळल्यावर समुद्राची पातळी चढली, कोरलेल्या दऱ्यांमध्ये पाणी शिरले आणि डोंगरांचे माथे बेटे होऊन राहिले. काही माथे मात्र पाण्याच्या पृष्ठभागाच्या थोडेसेच वर किंवा थोडेसेच खाली राहिले, आणि जहाजांना सर्वांत जास्त धोका याच माथ्यांचा असतो. पोर्टलंडजवळ भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत साधारण पावणेतीन मीटरचा फरक पडतो. म्हणजे ओहोटीला उघडा पडलेला खडक काही तासांत पाण्याखाली गेलेला असतो आणि वरून पाहणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही.

त्यात धुक्याची भर पडते. मेनच्या आखातातले पाणी थंड असते, आणि उन्हाळ्यात दक्षिणेकडून येणारी उबदार, दमट हवा त्यावर आली की खालून गार होते व तिच्यातील बाष्पाचे धुके बनते. त्यामुळे आपण ज्याला बरा हंगाम म्हणू, त्या हंगामातही इथे जहाजे चुकत. फिलाडेल्फियाहून पोर्टलंडला कोळसा घेऊन निघालेले ‘हॉवर्ड डब्ल्यू. मिडलटन’ हे तीन डोलकाठ्यांचे जहाज १८९७ च्या ऑगस्ट महिन्यात अशाच धुक्यात स्कारबरोच्या किनाऱ्यावर चढले. होमर तेव्हा त्याच गावाच्या हद्दीत राहत होता. त्याआधी, २२ फेब्रुवारी १८६४ रोजी, ‘बोहेमियन’ ही युरोपातून स्थलांतरितांना घेऊन येणारी आगबोट जवळच्याच केप एलिझाबेथपाशी बुडलेल्या खडकावर आदळली आणि ४२ जण मृत्युमुखी पडले. १८८६ च्या नाताळाच्या आदल्या रात्री ‘अ‍ॅनी सी. मॅग्वायर’ हे जहाज तर चक्क पोर्टलंड हेड दीपगृहाच्या पायथ्याच्या खडकांवर येऊन थडकले. १७९१ पासून जळत असलेल्या दिव्याच्या इतक्या जवळ जहाज फुटावे ही गोष्ट लोकांना इतकी चमत्कारिक वाटली, की त्या घटनेची नोंद खडकावर रंगाने लिहून ठेवण्यात आली. सुदैवाने त्या जहाजावरील सगळे वाचले.

चित्राचे नाव ज्या वादळावरून आले आहे, ते वादळ वेगळ्या प्रकारचे आणि अधिक क्रूर असते. उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत थंडीच्या दिवसांत कमी दाबाचे क्षेत्र तयार होते आणि ते किनाऱ्याला समांतर ईशान्येकडे सरकते. उत्तर गोलार्धात अशा क्षेत्राभोवती वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात, त्यामुळे क्षेत्र समुद्रावर असताना किनाऱ्यावर वारा ईशान्येकडून येतो. वाऱ्याच्या या दिशेवरूनच वादळाला नॉर्थईस्टर म्हणतात. मोकळ्या अटलांटिकवरून शेकडो किलोमीटर वाहत आलेला हा वारा वाटेत लाटा वाढवत नेतो, सोबत हिम किंवा पाऊस आणतो आणि कित्येकदा दीड-दोन दिवस थांबत नाही. नोव्हेंबर १८९८ मध्ये बॉस्टनहून पोर्टलंडकडे निघालेली ‘पोर्टलंड’ ही प्रवासी आगबोट अशाच वादळात सापडली आणि तिच्यावरील जवळपास १९० माणसांपैकी एकही वाचला नाही. इंजिन असलेल्या बोटीची ही गत, तर शिडाच्या जहाजांचे काय होत असेल याचा अंदाज करता येतो.

शिडाचे जहाज वाऱ्याच्या थेट तोंडावर जाऊ शकत नाही. त्याला वाऱ्याशी कोन धरून, कधी डावीकडे तर कधी उजवीकडे वळत, नागमोडी मार्गाने पुढे सरकावे लागते. जुन्या चौकोनी शिडांच्या जहाजांना हा कोन साधारण साठ ते सत्तर अंशांपेक्षा कमी करता येत नसे, आणि त्यातही वारा त्यांना सतत आडवे ढकलत असे. आता असे जहाज किनाऱ्याजवळ आहे आणि वारा समुद्राकडून किनाऱ्याकडे वाहतो आहे, अशी कल्पना करा. जहाज वळायला जितका वेळ घेईल तितके ते खडकांच्या जवळ जाईल. शिडे उतरवली तर वारा त्याला तसेच ढकलत नेईल, शिडे चढवली तर डोलकाठी मोडण्याची भीती. शेवटचा उपाय नांगर टाकण्याचा, पण गुळगुळीत कातळाच्या तळावर नांगराला पकड मिळत नाही. म्हणून जुन्या खलाशांना खोल समुद्रातल्या वादळापेक्षा वाऱ्याखाली असलेल्या किनाऱ्याचे भय अधिक वाटे. ‘नॉर्थईस्टर’ पाहणाऱ्या १८९५ च्या प्रेक्षकाला हे कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. त्याच्या वर्तमानपत्रात प्रत्येक हिवाळ्यात अशा बातम्या येत असत.

आता लाटेकडे वळू. खोल समुद्रात लाट पुढे जाते तेव्हा पाणी तिच्यासोबत पुढे जात नाही. पाण्याचा प्रत्येक थेंब जवळपास वर्तुळात फिरून आपल्या जागी परत येतो आणि पुढे सरकते ती केवळ हालचाल. दर दहा सेकंदांनी एक याप्रमाणे येणाऱ्या लाटांच्या दोन माथ्यांमधील अंतर खोल पाण्यात सुमारे १५६ मीटर असते आणि त्या ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास वेगाने जातात. पाण्याची खोली या अंतराच्या निम्म्याहून, म्हणजे सुमारे ७८ मीटरहून, कमी झाली की लाटेला तळ जाणवू लागतो. ती मंदावते, मागची लाट जवळ येते, उंची वाढते, आणि उंची पाण्याच्या खोलीच्या साधारण चार पंचमांशापर्यंत पोहोचली की माथा पुढे कोसळतो. सपाट पुळणीवर ही क्रिया लांबवर चालते, त्यामुळे लाट किनाऱ्याला लागेपर्यंत तिचे बहुतेक बळ खर्च झालेले असते. प्राउट्स नेकसारख्या ठिकाणी तळ एकदम उठून येतो, आणि खोल समुद्रातून आलेली लाट आपले जवळजवळ सगळे बळ शाबूत ठेवून कातळावर येते. लाटेतील ऊर्जा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे उंची दुप्पट झाली तर ऊर्जा चौपट होते. समुद्राच्या एक घनमीटर पाण्याचे वजन एक टनाहून थोडे अधिक असते हे लक्षात घेतले, की लाकडी जहाजाचा सांगाडा अशा जागी काही तासांत का मोडतो हे उघड होते.

चित्रातला पाण्याचा उंच लोट याच हिशोबातून आलेला आहे. लाटेची भिंत उभ्या कातळाला भिडते तेव्हा दोहोंच्या मध्ये आणि कातळाच्या भेगांमध्ये हवा अडकते, दाबली जाते आणि सुटताना पाणी आपल्यासोबत वर उडवते. म्हणून लोट लाटेच्या दिशेने पुढे न जाता सरळ वर चढतो. होमरने तो असाच रंगवला आहे. समुद्र रंगवणारे अनेक चित्रकार हा लोट कारंज्यासारखा नीटस आणि दोन्ही बाजूंनी सारखा काढतात. होमरच्या चित्रात तो एका बाजूने घट्ट आणि दुसऱ्या बाजूने वाऱ्याने फाटलेला आहे.

ज्या परंपरेत होमर हे चित्र रंगवत होता, ती त्याच्या आधी दोनशे वर्षांहून अधिक काळ चालत आलेली होती. सतराव्या शतकातील डच चित्रकारांनी खडकांवर फुटणारी जहाजे रंगवली. अठराव्या शतकात फ्रान्सच्या जोसेफ व्हर्ने याने या विषयाची इतकी चित्रे काढली, की कलते जहाज, तुटलेली डोलकाठी, दोरीला लोंबणारे खलाशी, किनाऱ्यावर शुद्ध हरपलेली स्त्री आणि ढगांतून येणारा उजेडाचा एक झोत ही सामग्री ठरूनच गेली. १७५७ मध्ये एडमंड बर्क या विचारवंताने या आवडीमागचे कारण सांगणारा विचार मांडला. त्याच्या मते सुंदर वस्तू लहान, गुळगुळीत आणि कोमल असते व ती आपल्याला आवडते, तर अफाट, अंधारी, अनावर गोष्ट आपल्याला घाबरवते. मात्र ते भय काही अंतरावर असेल आणि आपण स्वतः सुरक्षित असू, तर त्याच भयातून एक विलक्षण आनंद निर्माण होतो. या दुसऱ्या अनुभवाला आपण उदात्त म्हणतो. बर्कच्या विचारातली अंतराची अट फार महत्त्वाची आहे. जहाजफुटीच्या जुन्या चित्रांमध्ये हे अंतर प्रेक्षकाला मिळते, कारण संकट चित्रातल्या इतर माणसांवर येते आणि आपण दिवाणखान्यात उभे राहून त्यांच्याकडे पाहतो.

इंग्लंडच्या टर्नरने हे अंतर कमी केले. त्याच्या १८०५ च्या जहाजफुटीच्या चित्रात समुद्राचा खड्डा इतका पुढे आला आहे, की पाहणाऱ्याला किनाऱ्याचा आधारच उरत नाही. आणि १८४२ च्या हिमवादळातील आगबोटीच्या चित्रात बोट, पाणी, धूर आणि आकाश एकमेकांत मिसळून गेले आहेत. तरीही टर्नरला बोट लागतेच. ती भोवऱ्याच्या मध्यभागी असते, डोळा तिला शोधतो आणि तिच्यावरून वादळाचा आकार मोजतो.

होमरने जहाजे आणि माणसे सोडण्याआधी ती भरपूर रंगवली होती. १८३६ मध्ये बॉस्टनला जन्मलेल्या या माणसाने सुरुवात नियतकालिकांसाठी चित्रे काढण्यापासून केली आणि अमेरिकेच्या यादवी युद्धात आघाडीवर जाऊन रेखाटने पाठवली. घडलेली गोष्ट थोडक्यात आणि स्पष्ट सांगण्याची त्याची सवय तिथली असावी. १८८१ मध्ये तो इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील कलरकोट्स या मच्छीमारांच्या गावी गेला आणि १८८२ च्या अखेरीपर्यंत तिथे राहिला. तोही किनारा जहाजे फोडण्यासाठी कुप्रसिद्ध होता, आणि गावकऱ्यांनी संकटातील जहाजांवर नजर ठेवण्यासाठी पहाऱ्याचे घर बांधले होते. २१ ऑक्टोबर १८८१ रोजी जवळच्या टाइनमाउथपाशी ‘आयर्न क्राउन’ हे जहाज वादळात अडकले. होमरने तो प्रसंग प्रत्यक्ष पाहिला आणि त्यावर जलरंगात चित्र केले. त्या चित्रात दूरवर हेलकावणारे जहाज आहे, बचावनौका आहे आणि मधला खवळलेला समुद्र आहे. म्हणजे तोपर्यंत तोही जुन्याच रीतीने विचार करत होता.

अमेरिकेला परतल्यावर १८८४ मध्ये त्याने ‘द लाइफ लाइन’ हे चित्र प्रदर्शित केले. त्या काळी अमेरिकेत समुद्री बचावासाठी सरकारी दल काम करत होते. १८७८ मध्ये त्याला स्वतंत्र संघटनेचे रूप मिळाले आणि १९१५ मध्ये ते तटरक्षक दलात विलीन झाले. किनाऱ्यावरून जहाजाकडे दोर फेकायचा, तो डोलकाठीला बांधायचा आणि त्यावर कप्पीने लटकवलेल्या आसनात बसवून एकेकाला ओढून आणायचे, अशी या दलाची पद्धत होती. होमरच्या चित्रात बचाव करणारा पुरुष आणि शुद्ध हरपलेली स्त्री या दोरावर समुद्राच्या वर लटकलेली आहेत. जहाजाचे फक्त फडफडणारे शीड एका कडेला दिसते, किनारा दुसऱ्या कडेला जेमतेम सूचित केला आहे आणि त्या पुरुषाचा चेहरा वाऱ्याने उडालेल्या लाल शालीने झाकून टाकला आहे. यात वगळण्याची सुरुवात दिसते. जहाज कोणते, वाचवणारा कोण, किनारा किती लांब, हे सगळे कमी केल्याबरोबर लटकलेला दोर आणि खालचे पाणी यांचे वजन वाढले.

त्याच सुमारास, १८८३ मध्ये, होमरने प्राउट्स नेकला कायमचे राहायचे ठरवले. कुटुंबाच्या घराशेजारी घोडागाड्या ठेवण्याची इमारत होती. ती बाजूला हलवून, जॉन कॅल्विन स्टीव्हन्स या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार तिचे चित्रशाळेत रूपांतर करण्यात आले आणि समुद्राच्या बाजूला वरच्या मजल्यावर रुंद सज्जा काढण्यात आला. इतर पाहुणे उन्हाळा संपताच शहरात परतत, पण होमर बराचसा हिवाळा तिथेच काढी, कारण त्याला हवी असलेली वादळे तेव्हाच येत. वादळी हवेत उघड्यावर कॅनव्हास उभा राहत नाही, म्हणून त्याने एका बाजूला मोठी काच बसवलेली हलवता येणारी खोली करून घेतली होती. ती खडकांजवळ नेऊन ठेवायची आणि आत बसून समुद्र पाहत काम करायचे. आगंतुकांचा त्याला इतका कंटाळा होता, की त्यांना पळवून लावण्यासाठी त्याने साप आणि उंदीर असल्याची सूचना देणारी पाटी रंगवली होती. ती पाटीही आज जपून ठेवलेली आहे.

१८९० च्या ‘सनलाइट ऑन द कोस्ट’ या चित्रापासून माणसे त्याच्या समुद्रातून कमी होऊ लागली, तरी त्या चित्रात दूरवर एक आगबोट आहे. १८९४ च्या ‘हाय क्लिफ’मध्ये वरच्या कोपऱ्यात कड्यावर उभी असलेली माणसे इतकी लहान आहेत, की प्रथम पाहताना ती निसटतात. त्याच वर्षीच्या ‘वेदरबीटन’मध्ये तीही नाहीत. विषय गाळत जाण्याचा हा प्रवास सरळ रेषेत मात्र झाला नाही. १८९६ मध्ये त्याने ‘द रेक’ या चित्रात पुन्हा जहाजफुटीच्या बातमीनंतर धावणारे बचाव दल रंगवले आणि पिट्सबर्गच्या कार्नेगी संस्थेने पहिल्याच वार्षिक प्रदर्शनात ते ५,००० डॉलरचे बक्षीस देऊन विकत घेतले. त्या वर्षांत अशी रक्कम मिळवणारा चित्रकार खपणारा विषय पकडून बसला असता, तर कुणी त्याला दोष दिला नसता.

‘नॉर्थईस्टर’ची घडण या पार्श्वभूमीवर पाहायला हवी. १८९५ मध्ये हे चित्र प्रथम प्रदर्शित झाले तेव्हा त्यात दोन माणसे होती. वादळी हवेसाठी घालायचे मेणकापडी कपडे घातलेली ती दोघे पुढच्या कातळावर अंग आखडून बसलेली होती आणि त्यांच्यावरचा पाण्याचा लोट आजच्यापेक्षा लहान होता. ही पहिली अवस्था एका छायाचित्रात टिकून आहे. समीक्षकांनी चित्राची प्रशंसाही केली होती. तरीही होमरने ते पुन्हा हाती घेतले आणि १९०१ पर्यंत त्यात बदल केले. दोन्ही माणसे रंगाखाली गेली आणि लोट वाढला.

या बदलाचा परिणाम नेमका कसा होतो हे सावकाश समजून घेण्यासारखे आहे. चित्रात माणूस असला की डोळा प्रथम त्याच्याकडे जातो, आणि त्याच्या उंचीवरून बाकी सगळ्या वस्तूंचे माप ठरवतो. माणसे होती तेव्हा लाट अमुक इतकी उंच आहे हे कळत होते, शिवाय ती माणसे वाचतील की नाही, ती कुणाची वाट पाहत आहेत, समुद्रात कोणी अडकले आहे का, असे कथेचे प्रश्न मनात येत होते. ती गेल्यावर लाटेला माप राहिले नाही. प्रेक्षकाला ते माप आता स्वतःच्या शरीरावरून ठरवावे लागते. त्यात कातळाची मांडणी भर घालते. चित्राच्या खालच्या कडेला पुळण नाही, कठडा नाही, गवताचा उतारही नाही. कातळ थेट कॅनव्हासच्या कडेपासून सुरू होतो, जणू त्याचा पुढचा भाग पाहणाऱ्याच्या पायाखाली आहे. शिवाय हा कातळ तिरका आहे. आडवी रेषा डोळ्याला स्थैर्य देते, तिरकी रेषा घसरण सुचवते. कातळ एका दिशेने उतरतो, लाट दुसऱ्या दिशेने चढते, आणि या दोन तिरप्या आकारांच्या भेटीच्या ठिकाणी तो लोट उभा आहे. बर्कने सांगितलेले सुरक्षित अंतर इथे उरत नाही. संकट सोसणारे दुसरे कोणी चित्रात नसल्यामुळे ते पाहणाऱ्याच्या वाट्याला येते. माझ्या मते होमरने माणसे पुसण्याचे खरे फळ हे आहे, आणि केवळ ‘निसर्गाची भव्यता दाखवण्यासाठी माणसे काढली’ असे म्हणणे अपुरे आहे. भव्यता तर आधीही होती.

हे साधण्यासाठी रंगांवर मोठी मदार होती, कारण गोष्ट सांगणारे काहीच उरले नव्हते. तरुणपणी होमरने रंगांच्या परस्परपरिणामावरचा शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाचा अभ्यास बारकाईने वाचला होता. दोन रंग शेजारी आले की ते एकमेकांना बदलतात, गडद रंगालगतचा फिकट रंग आणखी उजळ भासतो, हे त्याचे मुख्य सूत्र. ‘नॉर्थईस्टर’मधला फेस डोळ्यांना पांढराशुभ्र वाटतो, पण त्यात करडी, पिवळसर आणि निळसर छटा बऱ्याच आहेत. तो शुभ्र भासतो कारण शेजारचा कातळ जवळजवळ काळा आहे. फेस मुळात पांढरा का दिसतो हेही इथेच सांगायला हवे. पाणी लाल रंगाचा प्रकाश अधिक शोषते, म्हणून लाटेच्या पातळ माथ्यातून येणारा उजेड हिरवट दिसतो, पण फेसातील असंख्य बुडबुडे सगळ्या रंगांचा प्रकाश सारखाच चहूकडे परतवतात. होमरने हिरवा रंग माथ्याखालच्या पातळ भागात ठेवला, तिथून खाली तो करडा आणि गढूळ होत जातो. रंग लावण्याची रीतही जागोजागी वेगळी आहे. आकाश पातळ आणि सपाट, कातळ रुंद, जोरकस फटकाऱ्यांचा, आणि फेस जाडसर रंगाचा. जवळ गेल्यावर फेसाच्या जागी रंगाचे ओबडधोबड थर दिसतात, काही पावले मागे सरल्यावर त्यांचे पुन्हा पाणी होते.

वादळाच्या चित्रांविषयी एक गैरसमज असा आहे, की ती चित्रकाराने भिजत, थरथरत, एका बैठकीत काढलेली असतात. होमरचा वेळेचा हिशोब वेगळाच होता. क्लीव्हलंडच्या संग्रहालयात असलेले ‘अर्ली मॉर्निंग आफ्टर अ स्टॉर्म अ‍ॅट सी’ हे चित्र १९०० ते १९०३ या काळातील आहे. वादळानंतरच्या पहाटेचा विशिष्ट उजेड त्याला हवा होता, आणि तसा उजेड, तशी भरती आणि तसा समुद्र एकत्र येण्याची त्याने वाट पाहिली. त्याच्या सांगण्याप्रमाणे प्रत्यक्ष समुद्रासमोरचे काम दोन-दोन तासांच्या चार बैठकांत, म्हणजे एकूण आठ तासांत झाले. बाकीचा सगळा काळ वाट पाहण्यात गेला.

काढून टाकणे हा त्याचा नियम होता, असेही समजू नये. ‘द गल्फ स्ट्रीम’ या १८९९ च्या चित्रात डोलकाठी मोडलेल्या नावेवर एकटा पडलेला कृष्णवर्णीय माणूस आहे, भोवती शार्क आहेत आणि मागे पाण्याचा स्तंभ उठला आहे. ते चित्र प्रदर्शित केल्यानंतर होमरने त्यातही बदल केले, पण तिथे त्याने क्षितिजावर एक शिडाचे जहाज वाढवले. त्या जहाजामुळे सुटकेची शक्यता निर्माण होते, आणि ते त्या माणसाला पाहील की तसेच निघून जाईल हा प्रश्नही. म्हणजे ‘नॉर्थईस्टर’मधून त्याने कथा काढून घेतली आणि जवळपास त्याच वर्षांत ‘द गल्फ स्ट्रीम’मध्ये ती वाढवली. एका चित्रात संकट सोसणारा माणूसच केंद्रस्थानी होता, म्हणून त्याच्या नशिबाचा प्रश्न धारदार करणे योग्य होते. दुसऱ्यात केंद्रस्थानी कातळ होता, आणि त्यावर बसलेली दोन माणसे डोळ्याला कातळापासून दूर नेत होती. मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने ‘द गल्फ स्ट्रीम’ १९०६ मध्ये विकत घेतले. ‘नॉर्थईस्टर’ १९१० मध्ये, म्हणजे होमर प्राउट्स नेकच्या त्याच चित्रशाळेत वारला त्या वर्षी, जॉर्ज हर्न या संग्राहकाने त्याच संग्रहालयाला भेट दिले. दोन्ही चित्रे एकाच संग्रहात असल्यामुळे बेरीज आणि वजाबाकी एकमेकांशी ताडून पाहता येते.